धावत्या गाडीच्या पुढच्या काचेवर बर्फ धरू नये म्हणून: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

उभ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून काढणे बहुतेक चालकांना जमते. फसगत होते ती गाडी रस्त्याला लागल्यावर. काच जरा धूसर झाली की हात सवयीने वॉशरच्या दांडीकडे जातो, पाणी उडते, वायपर फिरतो आणि दोन-तीन सेकंदांत सबंध काच पांढरी होते. हीटर, वॉशर आणि वायपर ही तिन्ही साधने गाडीत असतात आणि बहुधा ठीकही असतात. चुकलेला असतो तो त्यांचा क्रम. थंडीत आधी काच तापली पाहिजे, मग तिच्यावर द्रव पडला पाहिजे आणि वायपर सर्वांत शेवटी फिरला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमासाठी आहेत.

आधी ओळखावे: थर नेमका कुठे आहे?

काच दिसेनाशी होण्याची कारणे तीन आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिले कारण म्हणजे बाहेरून धरलेला बर्फ किंवा दंव. दुसरे, आतल्या दमट हवेचे काचेवर जमलेले बाष्प, जे कडाक्याच्या थंडीत आतल्या बाजूनेच गोठते. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही: काच स्वच्छ असते, पण वायपरच्या ब्लेडवर बर्फ चिकटल्यामुळे ते काचेवर टेकत नाही आणि प्रत्येक फेरीला पाण्याचे पट्टे सोडत जाते. शंका आली तर काचेच्या कोपऱ्यात आतून बोट फिरवून पाहावे. बोटाखाली रेघ उमटली तर दोष आतला आहे आणि त्यावर बाहेरून कितीही द्रव मारला तरी उपयोग होणार नाही. पट्टे वायपरच्या फेरीबरोबर कमानीच्या आकारात उमटत असतील, तर दोष ब्लेडचा आहे.

पायरी १: थंडी पडण्यापूर्वीची तयारी

वॉशरच्या टाकीत उन्हाळ्यातले साधे पाणी उरलेले असते, ते सर्वप्रथम संपवावे. हे पाणी गोठले तर टाकी तडकू शकते, नळ्या तुंबतात आणि बटण दाबत राहिल्यास पंपही निकामी होऊ शकतो. उरलेल्या पाण्यातच हिवाळी द्रव (थंडीत सहज न गोठणारा, अल्कोहोल मिसळलेला वॉशर द्रव) ओतला, तर तो पातळ होऊन त्याचा गोठणबिंदू वर येतो, म्हणजे तो कमी थंडीतच गोठू लागतो. टाकी रिकामी करून हिवाळी द्रव भरल्यानंतर वॉशर बराच वेळ चालवावा, कारण नळ्यांत आणि तोट्यांत जुने पाणी अडकलेले असते आणि पहिल्या थंडीत तेच आधी गोठते. काचेवर नव्या द्रवाचा रंग किंवा वास येऊ लागला की नळ्या भरल्या असे समजावे.

द्रव निवडताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बाटलीवर उणे २० अंश सेल्सिअस असे छापलेले असते, तो आकडा बाटलीतल्या द्रवाचा आहे. धावत्या गाडीच्या काचेवर पसरल्यावर त्यातले अल्कोहोल वाऱ्याने भराभर उडून जाते, मागे पाण्याचे प्रमाण वाढते आणि तो पातळ थर छापलेल्या आकड्याच्या कितीतरी आधीच गोठतो. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा किमान दहा अंश खालचा द्रव घ्यावा, असे माझे मत आहे. दाट स्वरूपात मिळणारा द्रव लेबलवर दिलेल्या प्रमाणातच पातळ करावा. पुरवून वापरण्याच्या नादात पाणी वाढवू नये.

> सावधान: इंजिनासाठीचे कूलंट वॉशरच्या टाकीत कधीही ओतू नये. त्याने काचेवर तेलकट थर बसतो आणि गाडीच्या रंगाला इजा होऊ शकते. हिवाळी वॉशर द्रवात अनेकदा मिथेनॉल असते आणि ते पोटात गेल्यास विषारी ठरते. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

त्यानंतर ब्लेड पाहावेत. रबराची धार चिरलेली किंवा कडक झालेली असेल तर ब्लेड बदलावेत. नुसती मळलेली असेल तर ओल्या कापडाने पुसल्यावरच फरक दिसतो. सांधे-कमानींचा सांगाडा असलेल्या जुन्या पद्धतीच्या ब्लेडमध्ये बर्फ सांध्यांत अडकतो आणि रबर काचेच्या वळणाप्रमाणे वाकत नाही. सांगाडा नसलेले सपाट ब्लेड किंवा सांगाड्यावर रबरी आवरण असलेले हिवाळी ब्लेड या बाबतीत अधिक भरवशाचे असतात.

काच आतून साफ करणे हे काम बहुतेक जण टाळतात आणि त्याची किंमत पुढे मोजतात. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारा तेलकट पापुद्रा महिनोन्महिने काचेवर बसत जातो. बाष्प त्याच्यावर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने धरते आणि ते थेंब समोरच्या गाडीच्या दिव्याने उजळून निघतात. काच धुण्याचे द्रव एका स्वच्छ कापडाने लावावे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावे. डॅशबोर्ड आणि काच जिथे मिळतात त्या अरुंद फटीपर्यंत कापड पोहोचले पाहिजे, कारण गरम हवा तिथूनच वर येते. बाहेरच्या बाजूला खड्याचा टवका उडालेला असेल तर तो थंडीपूर्वी भरून घ्यावा. एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने थंड अशा ताणात लहानसा टवकाही लांब तडा होतो.

शेवटी हीटर. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी, कारण ती खाली गेली तर हीटरमध्ये उष्णता पोहोचत नाही. पंधरा-वीस मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) उघडाच अडकला असण्याची शक्यता असते आणि अशा गाडीत डिफ्रॉस्टरकडून, म्हणजे पुढच्या काचेवर गरम हवा सोडणाऱ्या यंत्रणेकडून, अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. केबिनचा एअर फिल्टर तुंबलेला असला तर ब्लोअरचा, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, आवाज मोठा येतो आणि हवा मात्र मंद लागते. बोनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीतला पालापाचोळाही काढून टाकावा, कारण बाहेरची हवा तिथूनच आत जाते.

> तपासा: इंजिन गरम झाल्यावर हवा पूर्ण वेगाने काचेवर सोडावी आणि तळहात काचेच्या डाव्या व उजव्या कोपऱ्याशी धरावा. दोन्हीकडे हवा सारखीच गरम आणि जोरदार लागली पाहिजे.

पायरी २: निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

किल्ली फिरवण्यापूर्वी वायपरचे बटण बंद आहे याची खात्री करावी. रात्री वायपर चालू स्थितीत सोडून गाडी बंद केली असेल, तर सकाळी इंजिन सुरू होताच मोटर काचेला चिकटलेले ब्लेड ओढू लागते. त्यात रबर फाटते, फ्यूज जातो किंवा मोटर जळते. पावसाच्या सेन्सरवर आपोआप चालणारे वायपर असतील तर तेही बंद करावेत.

बर्फ काढण्याचा क्रम वरून खाली असा असावा. आधी छप्पर, मग काच, मग बोनेट आणि शेवटी काचेच्या पायथ्याची जाळी. छप्पर बहुतेक जण सोडून देतात आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेक लावताच छपरावरची भुसभुशीत लादी घसरून काचेवर येते; ती ढकलण्याची ताकद वायपरमध्ये नसते. बोनेटवर राहिलेला बर्फ वेग वाढताच उडून काचेवर आदळतो. जाळी बुजलेली राहिली तर ब्लोअर ओलसर हवा आत ओढतो आणि काच आतून धुरकटते. हात फिरतोच आहे तर दिवे, आरसे आणि काचेच्या वरच्या भागात असलेल्या कॅमेऱ्यासमोरची जागाही साफ करावी. एलईडी दिव्यांची काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ प्रवासात आपोआप वितळत नाही.

> सावधान: गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नये. पुढची काच दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा थर अशी जोडलेली असते. बाहेरची काच अचानक प्रसरण पावली की तडकते. न तडकली तरी ते पाणी जाळीत आणि ब्लेडवर साचून पुन्हा गोठते.

> सावधान: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. उघड्यावरही सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही हे आधी पाहावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

काही देशांत उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाई आहे, हे लक्षात ठेवून बाहेरचा बर्फ काढण्याचे आणि इंजिन तापवण्याचे वेळापत्रक बसवावे. विजेवर चालणाऱ्या गाडीची केबिन चार्जरला जोडलेली असतानाच तापवून घ्यावी. उष्णता मिळते आणि बॅटरीही खर्ची पडत नाही.

गाडीत बसताना पाय बाहेर ठेवून बुटांवरचा बर्फ झटकावा. ही बारीक गोष्ट वाटते, पण चार जणांच्या बुटांवरचा बर्फ मॅटवर वितळला की ते सगळे पाणी अर्ध्या तासात काचेवर बाष्प होऊन येते.

पायरी ३: हवेचे बटण बसवणे

चार गोष्टी एकत्र लागतात: हवेची दिशा पुढच्या काचेकडे, तापमान पूर्ण गरम, हवा बाहेरची, आणि एसी चालू. शेवटच्या दोन गोष्टींत सर्वाधिक चुका होतात. हवा आतल्या आत फिरवली की केबिन लवकर तापते हे खरे आहे, परंतु श्वासातले आणि मॅटमधले बाष्पही आतच फिरत राहते. बाहेरची गोठलेली हवा थंड असली तरी तिच्यात बाष्प फार कमी असते आणि ती तापवली की चांगलीच कोरडी होते. थंडीत एसी कशाला, असाही प्रश्न येतो. एसी हवेतले पाणी काढून घेतो आणि त्यानंतर हीटर ती हवा तापवतो, म्हणून धुरकट काच एसीमुळे लवकर निवळते. तापमान शून्याच्या जवळ किंवा खाली गेले की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर स्वतःहून बंद राहतो. तो बिघाड नव्हे. तेव्हा बाहेरची हवा तापवणे एवढेच पुरते.

इंजिन अगदी थंड असताना ब्लोअर मध्यम ठेवावा आणि काटा हलू लागला की पूर्ण करावा. डॅशबोर्डच्या मधल्या, हवा सोडणाऱ्या जाळ्या बंद केल्या तर सगळा जोर काचेकडे जातो. इतके करूनही काच आतून धुरकट राहिली, तर मागची खिडकी दोन बोटे उघडावी.

> तपासा: निघण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, बोटांची मागची बाजू डोळ्यांसमोरच्या काचेला आतून लावावी. काच किमान कोमट लागली पाहिजे. ती बर्फासारखी गार लागत असेल, तर नुसती स्वच्छ दिसते म्हणून निघू नये. पहिल्याच ओलसर तुषारात ती झाकोळेल.

पायरी ४: हवामान पाहून काच गरम ठेवावी की गार

तापमान शून्याच्या आसपास असताना, म्हणजे ओला बर्फ, गोठणारे धुके किंवा गोठणारा पाऊस असताना, काच सतत गरम ठेवावी. अशा हवेतले थेंब शून्याखाली असूनही द्रवरूप असतात आणि थंड पृष्ठभागाला लागताच तिथेच गोठतात. काच शून्याच्या वर असेल तर ते पाणीच राहतात आणि वायपर त्यांना बाजूला सारू शकतो. म्हणून ही तयारी पाऊस लागण्याआधी व्हावी लागते. बर्फ धरल्यावर काच तापवायला घेतली तर कितीतरी पट वेळ लागतो, कारण आता काचेबरोबर बर्फही वितळवायचा असतो. डॅशबोर्डवरचे बाहेरचे तापमान ४ अंशांखाली दिसू लागले की मी हवा काचेकडे वळवतो, मग आकाश कितीही स्वच्छ असो.

कोरड्या, भुसभुशीत बर्फाची गोष्ट उलट आहे. उणे १० अंश किंवा त्याहून खाली पडणारा बर्फ पिठासारखा असतो आणि थंड, कोरड्या काचेला तो चिकटत नाही. वाऱ्याबरोबर वरून निघून जातो. अशा वेळी काच जोरात तापवली तर प्रत्येक कण वितळतो, ते पाणी वायपरबरोबर कडेला जाते आणि काच जिथे थंड असते तिथे, म्हणजे कडांना आणि ब्लेडवर, पुन्हा गोठते. तासाभरात काचेच्या दोन्ही बाजूंना बर्फाचा कठीण बांध तयार होतो आणि वायपरची फेरी आखूड होत जाते. त्यामुळे काच बाहेरून पूर्ण कोरडी असेल तरच हवा पायांकडे वळवावी, वायपर बंद ठेवावेत आणि बर्फ काचेला चिकटतो की उडून जातो ते काही मिनिटे पाहावे. चिकटू लागला तर लगेच गरम हवेकडे परतावे. अर्धवट गरम काच ही दोन्हींपेक्षा वाईट असते.

वेगाचाही येथे थेट संबंध आहे. वेग जितका अधिक, तितकी काचेची उष्णता वारा लवकर ओढून नेतो. ताशी ९० किलोमीटरवर हरणारा डिफ्रॉस्टर ताशी ६० किलोमीटरवर अनेकदा पुरा पडतो. काच कडांकडून झाकोळू लागली की सर्वांत आधी वेग कमी करावा.

पायरी ५: धावत्या गाडीत वॉशर वापरणे

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. पुढे मालट्रक होता, त्याच्या चाकांनी उडवलेला मीठमिश्रित चिखल काचेवर येत होता आणि समोरून मावळता सूर्य होता. मी पाय गरम राहावेत म्हणून हवा खाली सोडलेली होती. वॉशर दाबला आणि काचेवर खालून वर जाणारी नक्षी अक्षरशः डोळ्यांदेखत पसरली, नेच्याच्या पानासारखी. वायपर तिच्यावरून कर्कश आवाज करत फिरत राहिला आणि मला मालट्रकचे मागचे दिवेही दिसेनासे झाले. द्रव चांगला होता आणि टाकीही भरलेली होती, पण काच गार होती.

कारण असे आहे. कोरडी काच नुसत्या वाऱ्याने हवेपेक्षा अधिक थंड होत नाही. ओली काच होते, कारण उडून जाणारे अल्कोहोल काचेतली उष्णता घेऊन जाते. म्हणजे गार काचेवर द्रव मारणे हे तिला आणखी गार करणे आहे. म्हणून पुढील क्रम पाळावा.

1. काच खराब होऊ लागल्याचे दिसताच पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे. निम्मा चिखल त्यानेच टळतो.
2. हवा पूर्णपणे काचेवर वळवावी आणि काच कोमट होईपर्यंत थांबावे. हवा आधीपासून तिकडे असेल तर एखादे मिनिट पुरते. नसेल तर काही मिनिटे लागतात.
3. रस्ता सरळ आणि समोर मोकळा असताना वॉशर क्षणभरच दाबावा आणि काचेच्या कडा पाहाव्यात. तिथे पांढरी रेघ धरली नाही, तर पुढचे पाऊल टाकावे.
4. मग द्रव सढळ हाताने मारावा. मिठाच्या थरावर थोडासा द्रव मारला तर तो पुसला न जाता फासला जातो आणि सूर्यासमोर काच आधीपेक्षा वाईट होते.
5. वायपर शेवटपर्यंत फिरू द्यावेत. काच कोरडी झाल्यावर ते चालू ठेवू नयेत.

> सावधान: एवढे करूनही काच अचानक पांढरी झाली तर जोरात ब्रेक लावू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, चारही इंडिकेटर लावावेत, ब्लोअर पूर्ण करावा आणि बाजूची खिडकी खाली करून रस्त्याच्या कडेचा अंदाज घेत वेग उतरवावा. पुन्हा वॉशर दाबण्याचा मोह आवरावा. काच अजून गारच आहे.

पायरी ६: ब्लेडवर चिकटलेला बर्फ काढणे

लांबच्या प्रवासात ही वेळ हमखास येते. पट्टे उमटू लागले की पुढच्या सुरक्षित थांब्यावर उतरावे, वायपर बंद करावेत, इंजिन बंद असले तर उत्तमच, आणि ब्लेड काचेपासून थोडे उचलून बोटांनी बर्फ मोडून काढावा. रबराची धार चिमटीत धरून टोकापर्यंत ओढली की बारीक कण निघतात. ब्लेड उचलून काचेवर जोराने आपटण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण रबर आणि काच दोन्ही थंडीत कडक झालेली असतात. नंतर काचेच्या कडेचा आणि ब्लेड जिथे विसावतात तिथला बांध खरवडून टाकावा. तो राहिला तर वायपर प्रत्येक फेरीला त्याच्यावर आदळतो आणि त्याचे सांधे सैल होतात. काही वायपर बोनेटखाली दबलेले असतात आणि ते आधी दुरुस्तीच्या स्थितीत आणल्याशिवाय उचलता येत नाहीत. ती पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि घरीच एकदा करून पाहावी.

> सावधान: चालत्या गाडीत खिडकीतून हात बाहेर काढून ब्लेड पकडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. काही अनुभवी चालक असे करतात, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

पायरी ७: पोहोचल्यावर

गाडी बंद करण्यापूर्वी वायपर बंद करावेत. मग दोन्ही बाजूंचे दरवाजे एक-दोन मिनिटे उघडे ठेवून आतली गरम, दमट हवा जाऊ द्यावी. ती आत कोंडली तर रात्री काचेवर आतून दंव धरते आणि वळणदार काचेचा आतला बर्फ खरवडणे फार त्रासाचे असते. मॅट झटकून कोरडे करावेत आणि काचेवर आवरण टाकायचे असेल तर ते कोरड्या काचेवरच टाकावे.

पुढे न जाण्याची वेळ

गोठणारा पाऊस असा असू शकतो की ब्लोअर पूर्ण, हवा गरम आणि वेग कमी असूनही काचेच्या कडा आत सरकत राहतात. अशा वेळी बाजूचे आरसे, अँटेना आणि बोनेटची कड पाहावी. त्यांच्यावर पारदर्शक, चकचकीत थर वाढत असेल, तर तोच थर रस्त्यावरही आहे आणि काच स्वच्छ ठेवूनही गाडी आवरता येणार नाही. वाहतुकीपासून दूर असलेला थांबा गाठावा, महामार्गाच्या कडेला उभे राहू नये. इंजिन चालू ठेवून बसावे लागले तर हवा पुढच्या काचेवरच राहू द्यावी, एक खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजत नाही ना, हे दर काही मिनिटांनी उतरून पाहावे.